नागअळी म्हणजे नक्की कोण? पाच कुंड्या, सारख्याच रेघा

गच्चीतलीबाग · ११ जानेवारी, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी,

पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत तीसेक कुंड्या आहेत. डिसेंबरपासून पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसायला लागल्या. आधी टोमॅटोवर, मग घेवड्यावर, मग झेंडूवर. वाटाण्याची खालची पानं तर कुणी रांगोळी काढून ठेवल्यासारखी झालीत. कुंडीतल्या लिंबाच्या कोवळ्या पानांवरही तेच, शिवाय ती पानं वळून गेलीत.

रोपवाटिकेतले काका म्हणाले, नागअळी. शेजारच्या काकू म्हणाल्या, नागअळी. ॲपला फोटो दाखवले तर त्याने एकदा माशी सांगितली आणि एकदा पतंग.

मला औषध नकोय, पानं मी खुडते. मला एवढंच जाणून घ्यायचंय की पाचही झाडांवर एकच कीड आहे, की रेघ सारखी आणि प्राणी वेगळे? फोटो खाली दिलेत. मोबाईलला लावायचं भिंग अडीचशे रुपयांचं आहे, त्यामुळे समजून घ्या.

---

आजोबा७४ · ११ जानेवारी, सकाळी ९:०५

पानं खुडा, चुरगाळा, चहा घ्या. नाव कळून अळी लाजणार आहे का?

गंमत सोडा. आमच्या परसात टोमॅटो, घेवडा वर्षानुवर्षं होता. लहानपणी टोमॅटोवर असल्या रेघा पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. वाटाण्यावर मात्र पाहिल्यात.

---

वरुडचा_संत्रा · ११ जानेवारी, सकाळी ११:३०

ताई, लिंबाचं खातं वेगळं हाये. आमच्याकडं संत्र्याले नवती फुटली का ही हमखास येते. फक्त कोवळ्या पानावर. पान जून झालं का तिचा धंदा बंद. रेघ चांदीसारखी चमकते, गोगलगाय चालून गेल्यासारखी. तुमचा चौथा फोटो तोच हाये. पानाची कड जिथं दुमडली ना, ती उघडून पाहा. आत कोष सापडते का नाही ते सांगा.

---

सोंडकिडा · ११ जानेवारी, रात्री १०:१५

धागा बघून राहवलं नाही. कृषी कीटकशास्त्रात एमएस्सी केलं, आता पोट भरायला दुसरंच काही करतो, पण सूक्ष्मदर्शक अजून टेबलावर आहे.

वरुडकरांचं शंभर टक्के बरोबर. लिंबावरची ती फायलोक्निस्टिस सिट्रेला. तो पतंग आहे, माशी नव्हे. १८५६ साली स्टेन्टनने तिचं वर्णन केलं तेव्हा नमुने कोलकात्याचे होते, म्हणजे अस्सल इकडचीच. ती पानाच्या अगदी वरच्या पापुद्र्याखालच्या पेशी फोडून रस पिते, हिरव्या गराला फारसा हात लावत नाही. म्हणून रेघ पांढरी न दिसता चंदेरी दिसते. फोटो मोठा करून बघा, रेघेच्या बरोबर मधोमध एक बारीक काळी ओळ आहे. ती तिची विष्ठा.

आता टोमॅटोचा फोटो बघा. तिथे काळे तुकडे मध्ये नाहीत. एकदा डाव्या कडेला, एकदा उजव्या कडेला, असे आलटून पालटून पडलेत. माशीची अळी बोगद्यात कुशीवर पडून खाते आणि अधूनमधून कूस बदलते. तिला डोकं नाही, पाय नाहीत. पुढच्या टोकाला फक्त काळ्या आकड्यांची जोडी. पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिलंत तर ते आकडे कोयता चालवल्यासारखे फिरताना दिसतील. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवायला जायचं विसरलो होतो.

म्हणजे तुमच्याकडे निदान दोन प्रकार आहेत: एक पतंग आणि एक (किंवा जास्त) माश्या. माशी कुठली ते फोटोवरून सांगणार नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाळा आणि बघा. काचेची बरणी, तळाला टिश्यू पेपर, तोंडाला मलमलचं फडकं. पान फार ओलं नको, बुरशी धरते. बरणीवर तारीख टाका.

आजोबा, तुमच्या आठवणीवर उद्या लिहितो. त्यात तथ्य आहे.

---

गच्चीतलीबाग · १२ जानेवारी, सकाळी ७:५०

वरुडचे दादा, लिंबाची दुमडलेली कड उघडली. आत पिवळसर तपकिरी कोष! तुम्हाला साष्टांग.

सोंडकिडा, आकडे दिसले. चहा गार झाला.

बरण्या भरल्या. लोणच्याच्या होत्या, तीन वेळा धुतल्या तरी वास येतोय. एकीत टोमॅटो आणि घेवडा, एकीत वाटाणा, एकीत झेंडू.

---

सोंडकिडा · १२ जानेवारी, दुपारी १:२०

टोमॅटो आणि घेवडा वेगळे करा, आत्ताच. एका बरणीतून माशी निघाली तर ती कुठल्या पानातली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. यजमान वनस्पतींच्या कित्येक याद्या अशाच बिघडतात. वाटाण्याच्या वेलाला म्हातारा नावाच्या तणाचं पान चिकटून आलं, माशी निघाली, आणि नोंद झाली वाटाण्यावर.

आजोबांसाठी: टोमॅटोवर माझा पहिला संशय लिरिओमायझा ट्रायफोलीवर आहे. मूळची अमेरिकेची. १८८० साली तिचं वर्णन झालं ते पांढऱ्या क्लोव्हरवरच्या माश्यांवरून. क्लोव्हरची प्रजाती ट्रायफोलियम, म्हणून नाव ट्रायफोली. पुढे शेवंतीच्या कलमांबरोबर ती जगभर फिरली. फ्लोरिडातून केनियात १९७६ साली ती तशीच पोचली. आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादकडे एरंडावर सापडली, आणि इथेही शेवंतीच्या रोपांवरच बोट दाखवलं जातं. मग टोमॅटो, कापूस, चवळी, घेवडा, काकडी, भोपळा, जरबेरा, झेंडू, जे मिळेल ते. तुमच्या लहानपणी ती टोमॅटोवर नव्हतीच, आजोबा. वाटाण्यावरची मात्र जुनी आहे. ती दुसरीच माशी असणार असं मला वाटतंय, पण बरणीच काय ते सांगेल.

---

आजोबा७४ · १२ जानेवारी, दुपारी १:४५

बायकोला वाचून दाखवलं. "तुमची आठवण बरोबर निघाली" हे वाक्य या घरात चौदा वर्षांनी उच्चारलं गेलं.

---

शिवार_निफाड · १३ जानेवारी, रात्री ९:३०

टोमॅटोवाला आहे म्हणून लिहितो. ताई, टोमॅटोवर रेघ दिसली की नागअळी, असं आता डोळे झाकून म्हणायची सोय राहिली नाही. टुटा नावाच्या पतंगाची अळी पण पानात घुसते. भारतात पहिल्यांदा ती २०१४ साली आपल्या पुण्याकडेच सापडली. पण तिची रेघ राहत नाही, पानाचा पार फुगा होतो, पारदर्शक चट्टा. अळीला डोकं, पाय, मानेवर काळी पट्टी. आणि ती फळात शिरते. नागअळी फळाला हात लावत नाही. आम्ही पहिल्या वर्षी दोन्ही एकच समजून बसलो आणि फळं तोडायला गेल्यावर डोळे उघडले.

दुसरं. एका हंगामात फळ पोखरणाऱ्या अळीसाठी दर चौथ्या-पाचव्या दिवशी फवारे मारले. फळ वाचलं, पण नागअळीने पानं पांढरी करून टाकली. शेजारच्या बांधावर निंबोळी अर्कावर भागवणाऱ्याच्या प्लॉटमध्ये तितकी नव्हती. असं का होतं, सोंडकिडा?

---

सोंडकिडा · १३ जानेवारी, रात्री ११:००

दादा, याचं उत्तर कदाचित ताईंच्या बरणीतूनच निघेल. थांबा थोडं.

---

थेम्सकाठ · १४ जानेवारी, रात्री २:१० (इकडे अजून १३च)

वाचतोय. इंग्लंडमध्ये राहतो, बागेच्या कुंपणाला हॉलीची झुडपं आहेत. काटेरी, चकचकीत पान, नाताळच्या सजावटीत असतं ते. त्यावर पिवळट तपकिरी फोड आहेत, भर थंडीत. हे पण तुमच्याच मंडळींपैकी का?

---

सोंडकिडा · १४ जानेवारी, सकाळी ७:००

हो, त्याच कुळातली, ॲग्रोमायझिडी. फायटोमायझा इलिसिस. तुमच्याकडे काम सोपं आहे: ब्रिटनमध्ये हॉलीच्या पानात घर करणारी या कुळातली ही एकटीच, आणि ती हॉली सोडून कुठे जात नाही. झाड ओळखलं की माशी ओळखली. अंडी उन्हाळ्यात घालते, अळी हिवाळाभर पानात जेवते. टिट पक्षी ते फोड फोडून अळ्या खातात. फोडावर चोचीची त्रिकोणी फाटकी खूण दिसते का बघा.

या कुळात सुमारे ३,००० जाती आहेत आणि बहुतेक जणी अशाच एकनिष्ठ. एखादं झाड, फार तर त्याचे भाऊबंद. ट्रायफोलीसारख्या वाटेल त्या घरी जेवणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्याच, पण पिकांवर येतात त्या नेमक्या याच, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्याच तशा. तिथेच ओळखीचा घोळ होतो. "या झाडावर आहे म्हणजे अमुक माशी" हे हॉलीवर चालतं, टोमॅटोवर नाही.

आणि शेतकरी मंडळींना हे कुळ चांगलं ठाऊक आहे, फक्त नातं ठाऊक नसतं. सोयाबीनची खोडमाशी आणि तुरीच्या शेंगेतली शेंगमाशी या नागअळीच्या सख्ख्या चुलत बहिणी. एकीने पान घेतलं, एकीने खोड, एकीने दाणा.

---

वरुडचा_संत्रा · १४ जानेवारी, सकाळी ८:१५

काय सांगता बाप्पा! म्हणजे माह्या वावरात सारं खानदान हाये.

---

अळसांदे · १६ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

पेडण्यातून लिहिते. भात काढल्यावर त्याच शेतात अळसांदे पेरतो आम्ही, चवळीचाच आमच्याकडचा मोठ्या दाण्याचा प्रकार. पहिल्या जोडपानांवर पांढऱ्या रेघा आहेत. पण रेघांच्या आधी पानभर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके आले होते. सासूबाई म्हणाल्या दव लागलं. दव असं मोजून टोचतं का?

---

सोंडकिडा · १६ जानेवारी, रात्री ८:००

दव नाही, मादी आहे. शेपटाकडच्या नळीने ती पान टोचते आणि बाहेर येणारा रस चाटते. त्यातल्या थोड्याच भोकांत अंडी असतात. नराला ती नळीच नाही, तो बायकोने पाडलेल्या भोकांवर जेवतो. (आजोबा, यावर काही बोलू नका.) ठिपके दिसल्यावर उबदार हवेत दोन ते पाच दिवसांत अंडी फुटतात आणि रेघ सुरू होते. सुरुवात केसासारखी बारीक, मग अळी जाडावते तशी रेघ रुंदावते. रेघेचं बारीक टोक म्हणजे तिचा जन्म, रुंद टोक म्हणजे आत्ताचा मुक्काम.

---

आजोबा७४ · १६ जानेवारी, रात्री ८:०४

बोलत नाही. जेवतोय.

---

गच्चीतलीबाग · १९ जानेवारी, सकाळी ९:२०

बरण्यांची हकीकत.

टोमॅटो: तळाच्या टिश्यूवर ९ सोनेरी तपकिरी दाणे. राळ्याच्या दाण्यापेक्षाही लहान, पिंपासारखा आकार. पानावर रुंद टोकाशी अर्धचंद्रासारखी चीर दिसते, तिथूनच बाहेर पडल्या असणार.
घेवडा: तसेच ५.
झेंडू: तसेच ३. पण दोन रेघा मध्येच थांबल्यात. चीर नाही, अळी पण हलत नाही.
वाटाणा: तळाला काहीच नाही. रेघा पूर्ण झाल्यासारख्या दिसतात, अळ्या गायब. मेल्या बहुतेक. माझीच चूक असेल, पान सुकलं होतं.

---

सोंडकिडा · १९ जानेवारी, सकाळी ९:४०

वाटाण्याचं पान टाकू नका!! उलटं करा. रेघेच्या शेवटी खालच्या बाजूला फुगवटा आहे का?

---

गच्चीतलीबाग · १९ जानेवारी, सकाळी ९:५५

आहे. काळपट. आणि त्यातून दोन बारीक टोकं पानाच्या बाहेर आलीत, शिंगांसारखी. किती गोड!

---

सोंडकिडा · १९ जानेवारी, सकाळी १०:१०

झालं. ती शिंगं म्हणजे कोषाच्या श्वासनलिकांची टोकं. पानाच्या आतच कोष करणारी, वाटाण्यावर, हिवाळ्यात: क्रोमॅटोमायिया हॉर्टिकोला. काही जण तिला फायटोमायझा म्हणतात. वाटाणा, मोहरी आणि म्हाताऱ्यासारखं तण ही तिची आवडती घरं. लिरिओमायझाची अळी कोष करायला चीर पाडून जमिनीवर उडी टाकते, ही घरातच राहते. आजोबांच्या लहानपणची ती हीच असावी.

माशी निघाली की बघा: अंगाने राखाडी, कपाळ पिवळं, पण पाठीवर पिवळा ठिपका नाही. लिरिओमायझाच्या पाठीच्या शेवटी, पंखांच्या मध्ये, पिवळाधमक त्रिकोणी ठिपका असतो. साध्या डोळ्यांनीही दिसतो.

निघाल्यावर लगेच फोटो काढू नका, रंग भरायला एक दिवस द्या. नवजात माशी फिकट असते, त्यावरून लोक नवीन जाती जाहीर करून बसतात.

---

हिरवाचाफा · २० जानेवारी, दुपारी १२:००

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे रेघ दिसली की लगेच काहीतरी मारतो. कुठलीही असो, मरते.

---

शिवार_निफाड · २० जानेवारी, दुपारी १२:२५

अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या आत असते, दादा. वरून साधं स्पर्शाचं औषध मारलं तर तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचतं ते बाकीच्यांपर्यंत. मी हे पैसे घालून शिकलो.

---

गच्चीतलीबाग · ३० जानेवारी, रात्री ९:००

टोमॅटोच्या बरणीत ७ माश्या, घेवड्याच्या ४, झेंडूच्या २. सगळ्यांच्या पाठीवर पिवळा ठिपका! वाटाण्याच्या पानातून ३ राखाडी माश्या, ठिपका नाही. थंडीमुळे वेळ लागला असेल ना?

आणि एक भलतंच. झेंडूच्या ज्या दोन रेघा मध्येच थांबल्या होत्या, त्यातल्या एकीतून आज हिरवट चमकणारा किडा निघाला. मिलिमीटरभर असेल. माशी नक्कीच नाही. मिशांना चक्क फांद्या आहेत, सांबराच्या शिंगांसारख्या.

---

सोंडकिडा · ३० जानेवारी, रात्री ९:३०

निफाडचे दादा, या. तुमचं उत्तर आलं.

ती युलोफिडी कुळातली परोपजीवी गांधीलमाशी. फांद्यांच्या मिशा म्हणजे नर, बहुधा हेमिप्टारसेनस व्हॅरिकॉर्निस. मादीची मिशी साधी असते, थोडा भाग पांढरा. ही मादी पानावरून चालत बोगद्यातली अळी शोधते, डंख मारून तिला सुन्न करते आणि शेजारी अंडं घालते. तिचं पिल्लू आतल्या आत नागअळी खातं. म्हणून रेघ मध्येच थांबली, चीर पडली नाही.

दर चार दिवसांनी फवारा मारला की पापुद्र्याखालची नागअळी वाचते आणि पानावर उघड्यावर चालणारी ही मरते. शिवाय ट्रायफोलीला कीटकनाशकं पचवायची सवय लागते, ही आणखी एक भानगड. निंबोळीवाल्याच्या प्लॉटात बहुधा ही मंडळी जिवंत होती.

---

शिवार_निफाड · ३० जानेवारी, रात्री १०:१०

डोक्यात प्रकाश पडला. तो हंगाम आठवून पोटात कालवलं, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे पान खुडण्याआधी रेघेचं शेवटचं टोक बघायचं. चीर पडली असेल तर अळी निघून गेली, पान खुडून उपयोग नाही. रेघ मध्येच थांबून आत काळा ठिपका दिसला तर ते पान राहू द्यायचं. बरोबर?

---

सोंडकिडा · ३० जानेवारी, रात्री १०:२०

यापेक्षा चांगलं मी पण सांगितलं नसतं.

ताई, प्रत्येक बरणीतल्या माश्या वेगळ्या कुपीत, ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून मला पाठवता का? पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो. पिवळा ठिपका ट्रायफोलीलाही असतो आणि तिच्या बहिणीला, लिरिओमायझा सटायव्हीलाही, आणि सटायव्हीची नोंदही भारतात आहे. इथपर्यंत आलोच आहोत तर पूर्ण करू. नर हवेत, नुसत्या माद्यांवरून काम होणार नाही.

---

गच्चीतलीबाग · ३१ जानेवारी, सकाळी ८:००

पाठवते. औषधाच्या दुकानातल्या माणसाला "माश्या बुडवायला अल्कोहोल" असं सांगितलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

---

सोंडकिडा · ९ फेब्रुवारी, रात्री ११:४०

कुप्या मिळाल्या, चिठ्ठ्या नीट होत्या, धन्यवाद. उशीर माझ्यामुळे, मार्चअखेरची कामं आत्ताच अंगावर आलीत.

ठिपकेवाल्या १३ माश्यांपैकी ५ नर. पाठीचा काळा भाग मळकट राखाडी, धूळ बसल्यासारखा. सटायव्हीची पाठ चकचकीत काळी असते. मग डोक्याच्या मागच्या कडेचे केस. दर डोळ्यामागे दोन मोठे केस असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. ट्रायफोलीत दोन्ही पिवळ्या जागेतून उगवतात, सटायव्हीत बाहेरचा काळ्या जागेतून. तुमच्या सगळ्यांचे दोन्ही पिवळ्यातून. एवढ्यावर थांबायला नको, कारण रंग थंडी-उन्हाने थोडा बदलतो. म्हणून दर बरणीतल्या एका नराचं जननांग काढून स्लाइड केली. ते मिलिमीटरच्या छोट्या अंशाएवढं असतं, पहिलं उडून गालिच्यात गेलं, त्याच्या जागी दुसरा नर घ्यावा लागला. मग तिन्ही जमली आणि तिन्ही ट्रायफोलीचीच.

म्हणजे टोमॅटो, घेवडा आणि झेंडूवर लिरिओमायझा ट्रायफोली. वाटाण्याच्या राखाडी माश्यांमध्ये एक नर होता, तो हॉर्टिकोलाच. लिंबावर वरुडकरांचा पतंग. पाच कुंड्या, तीन प्राणी आणि एक पाहुणा. पाहुण्याच्या नावापुढे मी "बहुधा" तसंच ठेवतोय, त्या कुळात माझा हात बसलेला नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत असे नमुने ओळखणारे लोक आहेत, तिकडे पाठवायचा विचार आहे.

---

थेम्सकाठ · ११ फेब्रुवारी, पहाटे ४:३०

हॉलीच्या बावीस फोडांपैकी सहांवर त्रिकोणी फाटकी खूण. आणि आज सकाळी खिडकीतून टिट बघितला, पानाला लटकून चोच मारत होता. बायकोला म्हटलं बघ, नागअळी खातोय. ती म्हणाली, नागअळी म्हणजे नक्की कोण?

धाग्याची लिंक पाठवली.

---

अळसांदे · ११ फेब्रुवारी, सकाळी १०:००

सोंडकिडा, अळसांद्याची पानं बरणीत घातलीत, फक्त अळसांद्याचीच. आज तळाला चार दाणे. सासूबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, दवाचे दाणे पडले बघ.